महिलांसाठी रिव्हॉल्व्हर: परवाना कुणाला मिळतो, वजन किती असावं आणि साडीत ठेवायचं कुठं?

कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर देशभर संताप होता. त्या पीडितेला माध्यमांनी 'निर्भया' म्हटलं होतं, त्यावरूनच हे नाव आलं. खास महिलांसाठी बनवलेलं देशातलं पहिलं शस्त्र, अशी त्याची जाहिरात झाली. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन साधारण अर्धा किलो, किंमत त्या वेळी १ लाख २२ हजार ३६० रुपये. दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत ते मिळायचं.

दहाहून जास्त वर्षं झाली, तरी त्या रिव्हॉल्व्हरचे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर दिसतातच. पेट्रोल पंप सांभाळणारी बाई, सावकारीच्या किंवा जमिनीच्या वादात अडकलेली विधवा, रात्रीअपरात्री गावात निरोप आला की निघावं लागणारी महिला सरपंच, यांच्या घरात तो विषय निघतो. बाईला परवाना मिळतो का? मिळाला तर कोणतं घ्यावं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र दुकानदाराकडे जाण्याआधी कागद समजून घेतलेला बरा.

बाईसाठी वेगळा परवाना नाही

'निर्भीक' महिलांसाठी असलं तरी त्याचा परवाना वेगळा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हे बाई-पुरुष सगळ्यांना सारखेच. अर्जदाराचं वय २१ पूर्ण पाहिजे. ग्रामीण भागात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यासोबत ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरचा दाखला, शस्त्र घरात कसं सुरक्षित ठेवणार याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. हे शेवटचं प्रमाणपत्र अनेकांना माहीत नसतं आणि तिथंच अर्ज अडतो.

त्यानंतर अर्ज पोलिसांकडे जातो. ठाण्यातून चौकशी होते, गुन्हे पाहिले जातात, शेजारीपाजारी विचारपूस होते. पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यावा असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात किती दिवस लागतात हे ज्यांनी अर्ज केलाय त्यांना विचारा.

खरी परीक्षा 'कशासाठी पाहिजे' या रकान्यात असते. 'हल्ली दिवस बरे नाहीत' एवढ्यावर परवाना मिळत नाही. धंदा, व्यवसाय, नोकरी किंवा तशाच कारणाने जीव वा मालमत्ता वाचवायची खरी गरज आहे, हे दाखवावं लागतं. धमकी आली असेल तर तिची तक्रार ठाण्यात नोंदवलेली पाहिजे. रोकड घेऊन बँकेत जावं लागत असेल तर व्यवसायाचे कागद पाहिजेत. तोंडी सांगितलेल्या धमकीला त्या फायलीत वजन नसतं. म्हणून अदखलपात्र का असेना, नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. पुढे परवान्याचा विचार सोडून दिला तरी ती प्रत दुसऱ्या कामी येते.

एक गोष्ट बाईच्या बाजूची आहे. अर्जदाराच्या नावावर पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने हे लक्षात ठेवावं. नकार मिळाला तर कारण लेखी मागता येतं आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपीलही करता येतं.

पण हेही खरं की आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा अमेरिकेसारखा घटनेने दिलेला हक्क नाही. त्यात मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याचं उघड झालं, प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. तेव्हापासून परवान्यांकडे जास्त बारकाईने पाहिलं जातंय. 'वट दाखवायला' घेतलेल्या परवान्यांमुळे खऱ्या गरजेच्या बाईचा अर्जही संशयाने वाचला जातो, हे दुर्दैव.

हलकं म्हणजे बाईसाठी चांगलं?

परवाना मिळाला असं धरू. आता निवड.

जाहिरातीत भर असतो वजनावर. बाईचा हात नाजूक, म्हणून शस्त्र हलकं. ऐकायला बरोबर वाटतं, पण चालवताना उलटं घडतं. गोळी सुटताना शस्त्र मागे धक्का देतं. गोळी तीच ठेवून शस्त्राचं वजन कमी केलं तर तो धक्का हाताला जास्त जाणवतो, नळी वर उडते आणि दुसरी गोळी नेमावर यायला वेळ लागतो. जड कुऱ्हाड आणि हलकी कुऱ्हाड एकाच लाकडावर मारून पाहिली की हाताला झिणझिण्या कुठल्या कुऱ्हाडीने येतात, हे गावात कुणाला सांगायला नको.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. तो महिलांचा प्रकार. त्यात पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि गोळी असते लहान, .२२ ची. जगातल्या उत्तम महिला नेमबाज निर्भीकच्या दुपटीपेक्षा जड पिस्तूल वापरू शकतात आणि वापरतातही. पिस्तूल जड असलं की हात स्थिर राहतो, धक्का कमी लागतो. अर्थात स्पर्धेचं पिस्तूल दिवसभर अंगावर वागवायचं नसतं. अंगावर बाळगायचं तर वजनाशी तडजोड करावीच लागते. पण हलकेपणाची काही किंमत मोजावी लागते, हे दुकानात कुणी सांगत नाही.

भारतात सामान्य माणसाला .३२ आणि .२२ ही हातातली शस्त्रं मिळू शकतात. ९ मिलिमीटर हा लष्कर-पोलिसांचा बोअर, तो सर्वसामान्यांना बंद. सरकारी कारखान्यांचे पर्याय पाहिले तर पश्चिम बंगालच्या ईशापूर कारखान्याचं 'निडर' हे .२२ चं रिव्हॉल्व्हर फक्त २५० ग्रॅमचं आहे. कानपूरचंच 'प्रबल' ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. .३२ बोअर, काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. जुनी सरकारी रिव्हॉल्व्हरं मधोमध मोडून भरावी लागतात, 'प्रबल'चं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं. ईशापूरचं 'अशनी' हे .३२ चं पिस्तूलही आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर पारावर तासभर वाद चालेल. नवशिक्या हातासाठी फरक थोडक्यात असा. पिस्तुलाची वरची पट्टी जोराने मागे ओढून सोडावी लागते, तेव्हा पहिली गोळी नळीत चढते. मनगटात आणि बोटांत जोर पाहिजे, शिवाय घाबरलेल्या अवस्थेत ही क्रिया चुकते. एखादं काडतूस अडकलं तर ते मोकळं करायचा सराव पाहिजे. रिव्हॉल्व्हरमध्ये हे नाही. चाप ओढला की चक्र फिरतं, गोळी सुटते. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते.

पण रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, कारण एकाच ओढीत चक्रही फिरवायचं आणि घोडाही मागे न्यायचा. आणि हेच निवडीचं खरं माप आहे. शस्त्र रिकामं आहे हे विक्रेत्याने डोळ्यांदेखत दाखवल्यावर, त्याच्या परवानगीने, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप सलग दहा वेळा ओढून पाहावा. पहिल्या बोटाचं पेर चापावर नीट पोचतंय का? ओढताना नळी एका बाजूला झुकतेय का? सातव्या-आठव्या वेळी दुसरं बोट मदतीला घ्यावं लागतंय का? लागत असेल तर ते शस्त्र त्या बाईचं नाही. मग त्यावर काहीही नाव कोरलेलं असो आणि पेटी कितीही मखमली असो.

रोज विळा-खुरपं चालवणाऱ्या, धारा काढणाऱ्या बाईच्या पकडीत जोर कमी नसतो, हेही नवऱ्याने किंवा भावाने परस्पर खरेदी करताना ध्यानात घ्यावं. तिच्यासाठी शस्त्र घ्यायचं तर तिच्याच हातात देऊन पाहायचं. चप्पल आपण दुसऱ्याच्या पायाच्या अंदाजाने घेत नाही.

बाजारात रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो, आधी २८ होता. पुन्हा दरवर्षी सरावाची काडतुसं, प्रवास, रेंजची फी. ट्रॅक्टरचा हप्ता चालू असलेल्या घराने हा हिशेब आधीच करावा.

साडीला पट्टा नसतो

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात जास्त अडतो.

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचं तर ते खास म्यानात किंवा तशाच पिशवीत पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे. म्हणजे कमरेला उघडं लावून जत्रेत फिरणं हा नियमभंगच. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पुरुष कमरेच्या पट्ट्याला म्यान अडकवतो. साडी किंवा पंजाबी ड्रेसला पट्टा कुठला? परकराच्या नाडीला अर्ध्या किलोचं लोखंड पेलत नाही. मग उरते पर्स. पर्समध्ये शस्त्र ठेवणं सोपं, पण त्यात तीन अडचणी. चोर सगळ्यात आधी पर्सच हिसकावतो, म्हणजे पैशासोबत भरलेलं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात. दुसरी, बाई पर्स बाजूला ठेवते, एसटीत मांडीवर, शाळेत बाकावर, पाहुण्यांकडे पलंगावर, आणि लेकरं पर्स उघडतात, खाऊ शोधतात. तिसरी, किल्ल्या, पेन, कंगवा यांच्यात मोकळं टाकलेलं शस्त्र असेल तर चापात काहीतरी अडकून गोळी सुटू शकते.

म्हणून पर्समध्येच ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळा कप्पा पाहिजे, त्यात दुसरी एकही वस्तू नको आणि चाप पूर्ण झाकणारं कडक म्यान पाहिजे. पट्टा खांद्यावर न टाकता अंगावर आडवा घ्यायचा. पोटाला बांधायचे रुंद लवचीक पट्टेही मिळतात, ते पंजाबी ड्रेसखाली बसतात. नऊवारी किंवा पाचवारीत मात्र ते काढायला वेळ लागतो.

आणि वेळ हाच कळीचा मुद्दा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. २१ फुटांवरून धावत येणारा धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढून नेम धरायला सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे आपल्या ओसरीपासून गोठ्याच्या दारापर्यंतचं अंतर. पर्सची चेन उघडणाऱ्या बाईला त्यात काय जमणार? महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी रेंजवर सराव करणार नसेल, तर शस्त्र घेऊन उपयोग नाही. पुण्यात बालेवाडीला शासकीय रेंज आहे. खेड्यातून तिथं जाणं म्हणजे दिवस जातो, हे खरंय.

गोळी झाडल्यावर काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वतःच्या बचावाची आहेत. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्काराचा हेतू, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी बचावाचा हक्क मान्य होतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्कच उरत नाही. पळून चाललेल्या माणसावर गोळी झाडली तर तो बचाव ठरणं अवघड. बांधावरच्या भांडणात घरात जाऊन रिव्हॉल्व्हर आणलं, तर 'घरात गेलात तेव्हा ११२ ला फोन का केला नाही' हा प्रश्न न्यायालयात येणारच.

अजून एक कटू बाब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत दरवर्षी दिसतं की बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. महिलांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा असतो. चहा प्यायला आलेल्या दिरासमोर पर्स कोण जवळ घेऊन बसतं? 'निर्भीक' आलं तेव्हा मणिपूरच्या बीनालक्ष्मी नेप्राम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला उघड विरोध केला होता. मणिपूरने घराघरांतली शस्त्रं पाहिली आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं सहज झटकता येत नाही.

ज्यांना परवाना मिळणार नाही किंवा नकोच आहे, त्यांच्यासाठी मिरचीचा स्प्रे आहे. परवाना लागत नाही, काही शेकड्यांत मिळतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला मारला तर आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून मोकळ्या रानात वारा पाहूनच. डबीवरची मुदतीची तारीख पाहावी, जुन्या डबीत दाब राहत नाही. आणि तोही गंमत म्हणून किंवा भांडणात वापरायचा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात स्प्रेला धोकादायक शस्त्र मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. फोनवर ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन नंबर पाठ असावेत, नुसते सेव्ह नकोत. मोबाइल हिसकावला गेला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता आले पाहिजेत.

कट्ट्याच्या नादी लागू नका

परवान्याला वेळ लागतो म्हणून गावठी कट्टा घेणारे आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याच्या पलीकडे, सातपुड्यात मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी गाव या धंद्यासाठी बदनाम आहे, तिथं पोलिसांच्या धाडी पडतच असतात. विनापरवाना शस्त्र सापडलं तर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. मनाई असलेल्या बोअरचं असेल तर सात वर्षांपासून पुढे. शिवाय कट्ट्याची नळी कुठल्या पाइपाची आहे, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. फुटली तर आधी चालवणाऱ्याचा हात जातो.

शस्त्र आधीच घरात असेल तर

दुकानातून रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या बाया थोड्या. गावात बाईचा आणि बंदुकीचा संबंध बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने येतो. सासऱ्यांची रानडुकरांसाठीची ठासणीची बंदूक असते, नवऱ्याची बाराबोअर असते, आणि एक दिवस तो माणूस जातो. तेराव्यापर्यंत बंदुकीची आठवण कुणाला नसते. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेल्यावर ते शस्त्र घरात ठेवणं बेकायदेशीर होतं, मग ते कपाटावर धूळ खात का पडलेलं असेना.

अशा वेळी विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारस म्हणून पत्नीला, मुलीला किंवा सुनेला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून लागतं. परवानाधारक जिवंत असताना वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तरी ते वारसाच्या नावे करण्याची सोय नियमात आहे. त्यामुळे म्हाताऱ्याच्या हयातीतच हे काम उरकलं तर पुढची धावपळ वाचते. कुणालाच नको असेल तर विकण्याची परवानगीही मागता येते. जमा केलेलं शस्त्र मुदतीत सोडवलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं.

दुसरी वाट जास्त वाईट. नवऱ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे आणि दारू पिऊन तो तेच रोखतो. अशा बाईला वाटतं की परवाना आहे म्हणजे त्याला कुणी हात लावणार नाही. तसं नाही. कायद्याच्या १७ व्या कलमाने जिल्हाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात, आणि शस्त्र जमा करायला लावतात. ठाण्यात तक्रार देताना शस्त्राचा उल्लेख स्पष्ट करायचा आणि त्याच मजकुराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, एक प्रत पोलीस अधीक्षकांना द्यायची. परवाना क्रमांक माहीत असेल तर अर्जात लिहावा. परवान्याची वही घरातच असते, मोबाइलवर तिचा फोटो काढून तो माहेरी कुणाला तरी पाठवून ठेवता येतो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.